सांधणी

भद्रावती पेठेत रात्री पावणेदोनला
नळाला पाणी येणार म्हणून जागी आहे.
पाच दिवसांआड येतं. तोवर हे काम.

दवाखान्याच्या नोंदणीचा प्रोग्राम, नवी आवृत्ती.
जुन्या फायलीत सहाशे बारा वाक्यं,
नव्या साच्यात सहाशे चाळीस,
आणि दोघांच्या मध्ये, काळ्या खिडकीत,
मी टाइप केलेली एकच ओळ.
एंटर.
ठिपका. ठिपका. ठिपका. ठिपका.
झालं, म्हणाला.

जे जसंच्या तसं होतं ते जागेवर बसवलं.
जे अगदीच नवं, तिथं दोन अवतरणचिन्हं
आणि मध्ये काही नाही,
ताट मांडून पाहुणा न आल्यासारखं.
जिथं खात्री नव्हती तिथं
जवळचं दिसेल ते उचलून लावलं
आणि वर शेरा मारला: धूसर.

'रुग्णाला घरी सोडले' हवं होतं, तिथं
'रुग्णाला दाखल केले'.
इंग्रजीत एका शब्दाचा फरक,
बाकी चेहरा सख्ख्या भावासारखा.
त्याची काय चूक. त्यानं अक्षरं मोजली.
निदान बोट तरी ठेवलं: हे बघ एकदा.

नाना घागरी घेऊन उठले, खांद्यावरून डोकावले.
"काय चाललंय गं?"
जुनं नव्याला जोडतीय.
"अतुकु," म्हणाले, आमच्या घरच्या तेलुगूत.
बीम संपलं की जुन्या ताण्याचं एकेक टोक
नव्याच्या एकेक टोकाला. चोवीसशे धागे.
मल्लेशम यायचा, बोटांना राख लावून,
रेडिओ ऐकत एका बैठकीत उरकायचा.
"चुकायचा कधी?"
"चुकला तर चादरीत दिसायचा की.
दोन हात कापड पुढं गेल्यावर."
"मग?"
"मग काय. माग थांबवायचा, उठून मागं जायचं."

फायलीच्या तळाशी, जिथं कुणी जात नाही,
रद्द झालेली वाक्यं असतात.
प्रत्येकीपुढं एक खूण. पुसत नाही तो.
'केसपेपर हरवला असल्यास खिडकी क्रमांक तीन'
आता खिडकीच नाही, टोकन फोनवर येतं.
'डॉक्टर जेवायला गेले आहेत, बसा'
मूळ इंग्रजीत फक्त 'उपलब्ध नाहीत' एवढंच होतं.

ही इरफाना नल्लामंदूची वाक्यं.
तिला मी पाहिलेलं नाही.
तिचे स्वल्पविराम तेवढे ओळखते,
आणि हे 'बसा', जे कुणी मागितलं नव्हतं.
फायलीच्या कपाळावर, शेवटचा अनुवादक म्हणून,
अजून तिचंच नाव.
ते आपोआप बदलत नाही.
ते माझ्या हातानं बदलायचं असतं.

नळ आधी हवा सोडतो, खोकतो,
मग खरं बोलतो.
नाना बादली सरकवतात.
मी पहिल्या धूसरवर येते,
'दाखल केले' खोडून 'घरी सोडले' लिहिते,
शेरा काढते.
एक झालं. अठरा राहिले.

'बसा' कुठं बसवता येईल, शोधतीय.
नावाचं उद्या बघू.