थांबला

जिनिंगचा भोंगा झाला की पाऊण तासानं
शाळेच्या तिसऱ्या खोलीत आम्ही इंग्रजी काढतो.
फळा मधोमध तडकलेला.
चिरेच्या अलीकडे मी लिहितो टू, पलीकडे आयएनजी.
आठ जण. दोघांच्या भुवयांवर अजून रुई,
एक ग्रामपंचायतीचा शिपाई,
तिघींना नर्सिंगला जायचंय,
उरलेले दोघं घरी टीव्ही नाही म्हणून.

सांगतो: वॉन्ट, होप, प्रॉमिस टू मागतात,
त्यांची नजर पुढच्या वळणावर.
एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड यांना टू चालत नाही,
ती हातातलंच चघळत बसतात
उकडलेल्या तुरीच्या शेंगांसारखं.
"असं काहून, सर?"
गुणवंता उईके दर नियमाला विचारतो.
असंच आहे, म्हणतो मी. एकवीस वर्षं हेच म्हणतोय.
गाईडातही कारण दिलेलं नाही.

मग आलं स्टॉप.
ते दोन्ही घेतं आणि दोन्हींत वेगळं बोलतं.
ही स्टॉप्ड टू टॉक.
ही स्टॉप्ड टॉकिंग.
खोलीत कुणालाच फरक दिसेना.
गाईडातलं सिगरेटचं उदाहरण दिलं.
सिगरेट इथं कोण ओढतो, सगळे खर्रा घोटतात.

तेव्हा मागच्या बाकावरून वनमाला ढोके म्हणाली,
"सोपं हाये, सर.
बोलाले थांबला.
आन् बोलाचं थांबला."

एवढंच. एक ले, एक चं.
माझ्या आईच्या तोंडात होतं हे,
आणि मी पोरांच्या वह्यांत जन्मभर
लाल शाईनं ते ले खोडत आलो.

वनमाला खाली बघून पेनाचं टोपण लावत होती.

तिचा बाप श्रावण, जिनिंगवरचा काटेवाला.
मागच्या हंगामापर्यंत रोज संध्याकाळी
फाटकाशी सायकल थांबवायचा, एक पाय पायंडलावर,
आणि सांगायचा: कोणाच्या गाडीत ओलावा किती,
कोणी गाठोड्यात सरकी दडवली,
भाच्याची सोयरीक कशी मोडली, मुलीकडचे काय जेवले.
"चाल्लो मास्तर" म्हणायचा
आणि त्यानंतर वीस मिनिटं.
मी मागच्या दारानं निघायला लागलो होतो.
अव्हॉइडपुढे आयएनजी येतं
हे मला तिथंच पक्कं झालं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्याची उजवी बाजू गेली.
जीभही.
सायकल आता वनमाला आणते, सीट खाली करून.

पुढच्या तासाला रिमेंबर होतं.
टू लावलं तर करायचं लक्षात ठेवणं,
आयएनजी लावलं तर केलेलं आठवणं.
मी ढोक्यांकडे जायचं लक्षात ठेवलं नाही.
गेल्याचं आठवत नाही.
दोन्ही वाक्यं व्याकरणानं बरोबर.
फळ्यावर मी दुसरीच लिहिली,
किल्ली आणि कुलपाची.

घरचा अभ्यास दिला: ट्रायवर पाच वाक्यं.
टू म्हणजे जीव लावून धडपड,
आयएनजी म्हणजे करून तर पाहू, जमतं का.
वनमालानं तीनच लिहिली.
माय फादर ट्राइज टू से पाणी.
वुई ट्राय सिंगिंग.
व्हेन वुई सिंग, ही सेज हाफ.
आणि समासात पेन्सिलीनं, बारीक:
"सर, पाणीच्या जागी वॉटर लिहू का?
थो पाणीच म्हणते."

मी लाल पेन उघडलं,
बराच वेळ उघडंच राहिलं, शाईचा एक ठिपका पडला.
मग लिहिलं: नको.
आणि सवयीनं खाली सही केली,
तारीख घातली.