तिसरा काळ

अजनीच्या रेल्वे क्वार्टरात, मे महिन्यात,
कूलरचं पाणी दुपारी दोनलाच संपायचं
आणि अलमेलू टीचर म्हणायच्या, "बस. अरमंडी बस."
त्यांच्या मराठीत मी कायम मुलगा होते:
"तू पाय आपटतो. नाचतो कधी?"

मांडीपाशी ठोकळा, हातात दांडी.
तैया तै. तैया तै.
सहा महिने नुसतं तेच.
गल्लीतल्या पोट्ट्या गणपतीत नाचून
स्टीलचे डबे जिंकून आल्या.
आई म्हणाली, "काहून वं,
थे बाई तुले नुसती बसवूनच ठेवते काय?"

तिसऱ्या काळात मी धावायचे.
टीचर थांबवायच्या. पुन्हा. मी पुन्हा धावायचे.
एकदा विचारलं, "घरी कोण आहे इतका घाईत?"
मी म्हटलं, माग.

पुढच्या रविवारी त्या बसनं आल्या,
गोळीबार चौकातून विचारत विचारत.
मागासमोर चपला काढल्या.
बाबा अवघडले, पण धोटा थांबवला नाही,
लुगडं सोमवारी द्यायचं होतं.
बराच वेळ त्या बोटांनी मांडीवर मोजत राहिल्या.
"हा धावत नाही," म्हणाल्या.
"हा परत येतो.
तू परत येत नाही."

माग मोडीत निघाला त्याच वर्षी टीचरांची दांडी तडकली.
बाबांनी हात्याचा तुकडा बाजूला काढून ठेवला होता,
तीस वर्षं मूठ बसून काळा झालेला.
तो तासला, कागदात गुंडाळून दिला.
फीच्या बदल्यात नव्हे;
फी मागायला त्या केव्हाच विसरल्या होत्या,
किंवा तसं दाखवत होत्या.

आता ती माझ्याकडे आहे.
अकरा मुली समोर, कूलर अजूनही दोनलाच दगा देतो,
आणि मी पण शाबास म्हणत नाही, जमत नाही मला.
त्याही कधी म्हणाल्या नाहीत.

एकदाच, तिल्लाना बसत असताना,
त्यांनी दांडी ठोकळ्यावर आडवी ठेवली
आणि डोळे मिटले.
मला वाटलं, चुकलं.
पाय तिथंच थिजले.

डोळे न उघडता त्या म्हणाल्या,
"काहून थांबला तू?"