वाक्यात उपयोग करा

प्रश्न चौथा, ब. गुण दोन.
शब्द मीच काढला होता, कोश उघडून,
जिंतूरच्या शाळेत, लाईट गेलेल्या दुपारी:
स्त्रीद्वेष्टा.

सदतीस पोरांनी जागा कोरी सोडली.
एकानं लिहिलं, औषधी वनस्पती.
तेजल सोनटक्के, नववी क, हिनं लिहिलं:
ज्याला इस्तरी आवडत नाही असा माणूस.
वाक्य: माझे पप्पा स्त्रीद्वेष्टे नाहीत,
त्यांचं बसस्टँडसमोर दुकान आहे.

हसलो. कुशावर्ताला वाचून दाखवलं.
ती हसली नाही. म्हणाली,
"मग खरा अर्थ काय हाय, ते तरी सांगा."

सांगायला गेलो तर जीभ अडखळली.
स्त्री. द्वे. ष्टा.
भाकरीत खडे लागावेत तशी तीन जोडाक्षरं.
आमच्याकडं हा शब्द कुणी कुणाला म्हटल्याचं
पन्नास वर्षांत ऐकलं नाही.
बायकोचं ऐकणाऱ्याला शब्द पायलीभर:
बाईलवेडा, बायकोचा बैल, ताटाखालचं मांजर,
गोट्या खेळताना पोरंसुद्धा फेकतात.
न ऐकणाऱ्याला?

आमचे तात्या
बाई आडवी गेली की मोटारसायकल बंद करायचे,
पाच मिनिटं थांबून मग पुढं.
थोरल्या बहिणीला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाही,
"ए" म्हणायचे.
ते जेवत असताना माय मधेच काही बोलली
की ताट भिंतीवर.
वरणाचा डाग दोन दिवाळ्यांचा चुना खाऊन
पुन्हा वर यायचा.
गाव म्हणायचं, माणूस कडक आहे.
आम्हीही म्हणायचो, छाती काढून.
धोतर कडक, आवाज कडक, स्वभाव कडक.

म्हणजे शब्द होता की आमच्याकडं.
मीच कोशात चुकीचं पान उघडलं.

तेवढ्यात कुशावर्तानं प्लग लावला,
माझा उद्याचा शर्ट पसरला,
पाण्याचा हबका मारला.
"कडकच करू ना?"
रोज विचारते. रोज मी मान हलवतो,
पेपरावरची नजर न काढता.

आज बघितलं.
ती वाट बघत होती,
माझ्या उत्तराची नव्हे,
इस्तरी तापायची.

"राहू दे," म्हणालो.
तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग शर्टाकडं,
काही बिघडलंय का ते शोधत.

तेजलला दोनपैकी किती, अजून ठरलं नाही.
समासात अर्धा लिहिला, खोडला.

सकाळी चुरगळलेलाच शर्ट घालून हजेरी घेतली.
पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
सर, रात्री लाईट नव्हती का तुमच्याकडं?