तिसरा गिअर

अकरा वर्षं ती माझ्या शेजारी बसली
आणि तिसरा गिअर धरून ठेवला.
मॅटेडोरमध्ये दुसरं काम नव्हतं तिला.
टॉवेलचे गठ्ठे मागं, चिठ्ठ्या माझ्या खिशात,
आणि पुलाचा चढ लागला की
शिवगंगाचा उजवा हात मुठीवर,
तव्यावरची भाकरी दाबावी तसा.
सोडला की गिअर सटकायचा,
इंजिन बोंबलायचं,
मागचा रिक्षावाला माझ्या सात पिढ्यांची चौकशी करायचा.

न्यूट्रलला तर दांडा
पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा,
जिकडं ढकलाल तिकडं कलणार.
पहिला कुठं, रिव्हर्स कुठं,
हे मला आणि देवाला ठाऊक.
देवालाही बहुतेक मीच सांगत असेन.

यंदा एप्रिलात, सात रस्त्यावर, भर उन्हात
पहिला म्हणून टाकला तो रिव्हर्स पडला.
मागं उसाच्या रसाचा गाडा होता.
घुंगरं वाजली.
नशीब, तेवढंच.

सत्तय्या गाजूलकडं नेली, अक्कलकोट रोडला.
आधी मागावर जॉबर होता तो,
खडखडाटानं दोन्ही कान नेलेले.
त्याला आवाज सांगून उपयोग नाही.
त्यानं मुठीवर तळवा ठेवला, डोळे मिटले,
एकदा पुढं, एकदा मागं.
"गिअरबॉक्स चांगलाय," म्हणाला.
"मधला सांधा रिकामा झालाय."

मग खाली शिरला. नुसत्या चपला दिसत होत्या.
पिन पडली, वॉशर पडला,
आणि बुश म्हणून जे काय उरलं होतं ते,
चघळून टाकलेल्या सुपारीएवढं,
त्यानं माझ्या हातावर ठेवलं.
शिवगंगानं उचलून उजेडात धरलं.
"ह्याच्यासाठी होय?"

नवीन मिळत नाही. गाडीच बंद होऊन जमाना झाला.
सत्तय्यानं पत्र्याचा डबा उपडा केला:
भंगारात गेलेल्या मागांचे पिकर,
चामड्याचे, काळे, हाडासारखे टणक.
एक निवडला. कापला, भोक पाडलं, कानस मारली,
तेलात बुडवून ठेवला आणि चहा मागवला.
"ह्यानं लाखो वेळा धोटा हाणलाय बे," म्हणाला,
"तुझ्या हाताचं काय घेऊन बसलास."

पावणेदोनशे रुपये, चहा धरून.

परत निघालो तर मलाच चालवता येईना.
हात वीतभर लांब जायचा,
गिअर बोटभर अंतरावर बसलेला.
ढिलाई दांड्यातून गेली होती,
माझ्या मनगटातून नाही.
दोनदा बंद पाडली.
सत्तय्या दारात उभा, हसतही नव्हता,
त्याला फक्त धूर दिसत असणार.

पुलाचा चढ आला. तिसरा टाकला.
तिचा हात आपसूक मुठीवर.
"सोड," म्हणालो. "आता नाही सटकत."

तिनं सोडला.
गाडी चढून पलीकडं उतरायला लागेपर्यंत
मुठीकडं बघत राहिली.
मग हात पदराला पुसला, ग्रीस लागलेलं नसताना,
आणि म्हणाली,
"उद्यापासनं चिठ्ठ्या माझ्याकडं द्या.
तुमच्या खिशात घामानं भिजतात,
शेठला आकडा वाचता येत नाही."