एक हजार चौदा

तोर्सहाव्नच्या भरती-ओहोटी कचेरीत
ह्यालग्रिमचं खातं काढायचं काम रन्वाकडे आलं.
त्याला पुरून नऊ दिवस झाले होते.
काळ्या पडद्यावर तिनं युजरडेल लिहिलं,
नावात एक अक्षर चुकलं, पुन्हा लिहिलं.
यंत्र काही बोललं नाही.
काम झालं की ते बोलत नाही.

फायली मात्र जिथल्या तिथं.
मालकाच्या रकान्यात नाव होतं
तिथं आता नुसता आकडा, १०१४.
नाव म्हणजे दारावरची पाटी,
सातबारा आकड्याचाच,
हे तिला ठाऊक होतं. तरी
चहा निवला.

सोमवारी तूरी आली,
ओले बूट दाराशी काढून.
रन्वानं तिचं खातं उघडलं,
आधी छपाईच्या गटात घातलं, मग लाटांच्या.
जुने गट पुसू नयेत म्हणून लागणारा बारका ए
या वेळी विसरली नाही.
मागे विसरली तेव्हा ह्यालग्रिमच छपाईबाहेर पडला होता
आणि आठवडाभर तक्ते हातानं लिहीत बसला,
तक्रार न करता.

यादीत तो शेवटचा,
कंप्युटरला नको नको म्हणत सगळ्यांमागून आलेला.
शेवटचा आकडा मोकळा दिसला,
यंत्रानं तोच उचलून तूरीला दिला.

दुपारी तिनं विचारलं,
"ही एकतीस वर्षांची भरती
माझ्या नावावर कशी?"

रन्वानं मालक बदलायची आज्ञा
अर्धी लिहिली.
एंटरवर बोट ठेवून म्हणाली,
"स्कॅन केलेली पानं आधी वाच.
त्याचा सात एकासारखा दिसतो."