मार्चमधली पेरणी

मार्चची पहाट. विस्कॉन्सिनच्या या उतारावर
बर्फ सरून गेलेला, माती अजून कडक,
रात्रीच्या गारठ्यानं फुगून तडकलेली,
मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची.
सिग्ने गळ्यात पेरणीची पिशवी अडकवून
हँडल फिरवते, घर्र, घर्र,
आणि मोहरीहून बारीक बी
कुरणभर उडत जातं.

नांगर नाही, कुळव नाही.
दुपारी ऊन पडेल, भेगा मिटतील,
जमीन आपणच बी गिळून घेईल.
उशीर केला तर चिखल. घाई केली
तर बर्फाच्या पाण्याबरोबर सगळं ओढ्यात.
मधले सहा-सात दिवस काय ते आपले,
तेही उजाडायच्या आतले.

खिडकीत तिचा बाप, हल्वर.
हातात कॉफी, तोंडात शब्द नाही.
एकतीस वर्षांपूर्वी याच उतारावर
दवानं भिजलेला क्लोव्हर अधाशासारखा खाऊन
त्याच्या चार गाई फुगल्या होत्या.
डाव्या कुशीचं कातडं नगाऱ्यासारखं ताणलेलं.
डॉक्टर यायच्या आत तीन गेल्या.
चौथीच्या कुशीत त्यानं स्वतः सुरी खुपसली.
ती वाचली.
त्या वर्षी त्यानं अख्खं कुरण उलथून टाकलं,
नुसतं गवत लावलं.
मग दरवर्षी युरियाची पोती, दरवर्षी बिल.

तीन पानांचं रोप, बेलासारखं,
पण हे कुणी कुठे वाहत नाही.
गाईच्या जिभेखेरीज याला देव नाही.

दार वाजतं. काठी, बूट, खोकला.
"वारा पश्चिमेचा आहे," तो म्हणतो,
"निम्मं बी हॉकन्सनच्या रानात चाललंय.
खाली धर."
ती खाली धरते.

पुढच्या वर्षी, जूनमध्ये,
सिग्ने एक रोप मुळासकट उपटते, माती झटकते.
मुळांवर गाठी, भगरीच्या दाण्याएवढ्या.
एक नखानं चिरते. आत गुलाबी,
तान्ह्या बाळाच्या हिरडीसारखी.
"बघ, हवेतलं खत. पोतं नाही, बिल नाही."
चष्मा घरी राहिला, हल्वर म्हणतो.
चष्मा खिशातच असतो.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना ती कुरणाशी येते
तर फाटकाला साखळी,
पलीकडे पानापानावर दव,
आणि अलीकडे गव्हाणीत
कुणीतरी कोरडं गवत आधीच टाकलेलं.
गाई सावकाश रवंथ करताहेत.
पालथ्या बादलीवर बसून हल्वर
दव उडायची वाट बघतोय.