निधान

हुबळीच्या कंपनीनं कोटेशन पाठवलं, तीन पानी.
काच बारा एमएम, टफन केलेली,
स्टेनलेसचे खुंट, रबर, बिजागऱ्या,
आणि अगदी शेवटच्या ओळीत
बसवणावळ : अठ्ठावन्न हजार.

मी हसलो.
उद्यमबागेत चौतीस वर्षं लेथवर काढलीत.
पंपाचे शाफ्ट, बुश.
केसाच्या दहाव्या भागाइतका फरक पडला
तर आधी बोटाला कळायचं, मग गेजला.
असल्या हातांनी चार भोकं पाडायला
परक्याला पैसे मोजायचे?
"होतंय की घरातच," म्हटलं.
शेवंता काही बोलली नाही.
तिनं फक्त दुधाचं पातेलं जरा जोरात उतरवलं.

बेळगुंदीच्या मळ्यात, काजूच्या झाडांपलीकडं,
लेकानं पोहायचा तलाव बांधलाय.
शनिवारी-रविवारी गोव्याची माणसं येतात,
भाडं देतात, ओले टॉवेल विसरून जातात.
मधल्या एका बुधवारी
सव्वादोन वर्षांची रेवा
काठावर सापडली, एकटी,
हातात अंघोळीचा तांब्या.
पाण्यात वाकून ती कुणाशी तरी बोलत होती.

त्यानंतर कुंपण कधी करायचं
हे कुणी कुणाला विचारलं नाही.

साडू आला, अनगोळचा मोनाप्पा, वेल्डर.
खडेबाजारातून काच उचलायच्या पकडी आणल्या, भाड्यानं.
खुंट रोवले. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा
मधोमध, जावयासारखा बसलेला.
संध्याकाळपर्यंत चार काचा उभ्या.
मोनाप्पानं फोटो काढून सगळ्या पाहुण्यांना पाठवला.

पाचवी जरा उंच वाटली.
लोखंड असतं तर कानस मारली असती एक, मिटलं असतं.
मी सवयीनं तिचा खालचा कोपरा
फरशीवर टेकवला.
एवढंच. टेकवला.

आवाज मोठा नव्हता.
पोतं फाटून साबुदाणा सांडावा, तसा.
पकड माझ्या हातात होती
आणि पकडीत काही नव्हतं.
"साडू," मोनाप्पा म्हणाला, "काच गेली कुठं?"

लोखंड आधी सांगतं.
तापतं, किंचाळतं, किसाचा रंग निळा पडतो.
माणसाला हात मागं घ्यायला वेळ देतं.
काच शेवटपर्यंत हसतमुख.

मग हुबळीहून ईरण्णा आला.
तेविसाचा पोरगा, मिशी अजून ठरत नाही तिची.
तासभर त्यानं पेटी उघडलीच नाही.
तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं
आणि उकिडवा बसून ते कुठं जातंय बघत राहिला.
पाणी काजूकडं गेलं.
दोन सूत उतार, माझ्या बुडबुड्यानं लपवलेला.
मग एकेक खुंट हलवून पाहिला,
फार जोरात नाही,
पळत येणारं पोर आदळेल तेवढ्याच जोरानं.
नवातले दोन हलले.

माझ्या चारही काचा त्यानं उतरवल्या.
मी तेव्हा काजूला बोंडं किती लागलीत ते मोजत होतो.

काच खाली येताना तो त्याच्या गड्याला म्हणायचा,
"निधान, निधान."
कानडीत निधान म्हणजे सावकाश.
आमच्यात निधान म्हणजे पुरलेला ठेवा.
इतकी वर्षं या गावात दोन्ही ऐकत आलो,
एकाच वेळी कधी ऐकू आलं नव्हतं.

फाटक लावून झाल्यावर
त्यानं ते बोटभर उघडून सोडलं. मग वीतभर. मग पूर्ण.
दर वेळी ते आपलं आपण मिटलं. खट्.
"तुमी विसरला तरी," तो मोडक्या मराठीत म्हणाला,
"हे विसरायला नको."
चहा घेतला, दुसरा नको म्हणाला, गेला.

गवतात अजून काचेचे मणी सापडतात.
कुंपणावर, जमिनीपासून दोन फुटांवर,
एक नाक उमटलंय, चपटं,
खाली पेज लागलेला ओठ.

अठ्ठावन्न हजार,
वर पाचव्या काचेचे अकरा.
शेवंतानं हिशेबाच्या वहीत ते अकरा
'शिकवणी' म्हणून लिहिलेत,
माझ्या नावासमोर.